खालच्या गल्लीचा वॉल

जिल्ह्यानं साहेबाला पाडलं आणि खारटाकळीत खालच्या गल्लीचं पाणी बंद झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं एखादा पुण्याचा माणूस विचारील. विचारू दे. खारटाकळीत ते कुणाला विचारावं लागलं नाही. चार जूनला लोकसभेचा निकाल लागला. पाच जूनला सकाळी सहा वाजता गजेंद्रनं टाकीखालच्या तीन वॉलपैकी दोन उघडले, तिसऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून घरी चालता झाला.

शकुननं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, आणि पाण्याची टाकी शाळेच्याच आवारात होती. शाळेला उन्हाळ्याची सुटी होती, पण उरलेल्या तांदळात किडे झाले म्हणून तो उन्हात घालायला ती सकाळीच आली होती.

"गजेंद्र, तिसरा राह्यला रे," ती म्हणाली.

"राह्यला नाई काकू. खालची लाइन खराब हाय."

"रातोरात?"

"हौ. रातोरात." आणि तो हसला. वॉल उघडणारा पगारी माणूस तो, वय पंचवीस, आणि हसणं असं की गावच याच्या बापाचं. शकुन अचलपूरची पोरगी. तिच्या तोंडाला लागू नये, हे तिच्या सासूनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी गावभर सांगून ठेवलं होतं. पण त्या सकाळी ती गप्प राहिली. तेव्हापासून ती जी गप्प राहिली, त्याचाच राग तिला पुढं जन्मभर पुरणार होता.

खारटाकळी खारपाणपट्ट्यातलं गाव. जमिनीखाली पाणी आहे, पाहिजे तेवढं आहे, पण असं की त्याचा चहा ठेवला तर दूध नासतं. हापशीचं पाणी ढोरं पितात, तीही तोंड वाकडं करून. माणसानं ते प्यालं की चार-दोन वर्षांत मुतखडा ठरलेला. सात वर्षांपूर्वी धरणाचं गोडं पाणी पाइपानं गावात आलं, तेव्हा बायांनी नळाच्या तोटीला हळदकुंकू लावलं होतं. टाकीला तीन वॉल बसले. एक वरच्या ओळीचा, एक मधल्या ओळीचा आणि एक खालच्या गल्लीचा. खालच्या गल्लीत मुसलमानांची चौतीस घरं. तिथवर पाइप खुशालरावनं नेला, हे खरं आहे, नाही कोण म्हणतं? खुशालराव म्हणजे गजेंद्रचा काका. दोनदा जिल्हा परिषदेत जाऊन आलेला. सध्याची सरपंच त्याची भावजय, म्हणजे सरपंच तोच. साहेबाची गाडी गावात आली की ती त्याच्याच दारात थांबायची.

निकालाच्या दिवशी गजेंद्र मोजणीच्या हॉलमध्ये साहेबाचा एजंट म्हणून बसला होता. खारटाकळीच्या बूथचं मशीन उघडलं तेव्हा त्यानं आकडे आपल्या पासाच्या मागं लिहून घेतले, आणि संध्याकाळी मारोतीच्या पारावर खुशालरावच्या हातात ठेवले. खुशालरावनं ते मोठ्यानं वाचले. मतदान झालं सहाशे अकरा. साहेबाला एकशे अठरा. समोरच्याला चारशे एकाहत्तर. उरलेली बावीस इकडेतिकडे.

तिकडे फोनवर फोन येत होते, अख्ख्या जिल्ह्यात हेच झालं होतं. ज्या गावांनी साहेबाच्या गाडीपुढं फटाके फोडले, त्याच गावांनी त्याला लोळवलं होतं. पण खुशालरावला जिल्ह्याचं काय? त्यानं साहेबाला पाचशे मतांचा शब्द दिला होता. तो कागद त्यानं चौपदरी घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "आपल्या माणसानं मारोतीची किरिया खाल्ली होती. आपला माणूस किरिया मोडत नाई. मंग हे कोनं केलं?"

आणि त्यानं मान खालच्या गल्लीकडे वळवली. बस. तेवढंच. पारावरच्या झाडून सगळ्या माणसांनी माना हलवल्या.

ही किरियेची, म्हणजे शपथेची, भानगड सांगितली पाहिजे. मतदानाच्या तीन दिवस आधी हनुमान जयंती होती. महाप्रसादाच्या पंगती उठल्यावर खुशालरावनं गावाला देवळात बोलावलं. एकेक घर आत. मारोतीच्या गदेवर हात ठेवायचा आणि "सायबालेच मत देईन, मारोतीची किरिया," असं सगळ्यांदेखत म्हणायचं. बाया-माणसं, नवीन मत लागलेली पोरंपोरी, खाटेवरून उचलून आणलेली म्हातारी, सगळ्यांनी हात ठेवले. चारशे-पाचशे माणसांचे हात लागून गदेवरचा शेंदूर निघून आला. खुशालरावच्या मनात मतं तिथंच पडली होती. मशीन नुसतं मोजायचं बाकी होतं.

शकुननंही हात ठेवला. ठेवताना ती मनात म्हणाली, "देवा, हे किरिया माह्या तोंडानं खाल्ली. बोटानं नाई." आणि तीन दिवसांनी ते बोट तिनं तिला पाहिजे तिथं दाबलं. तिचा हिशेब साधा होता. आपलं एक मत. बाकी गावानं तर किरिया खाल्लीच आहे, एका मतानं साहेब पडत नाही, आणि आपला राग तरी निघतो.

राग कशाचा? एस. टी. चा. सकाळी साडेसहाची अकोल्याची बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली. त्याच बसनं शकुनची लेक रागिणी कॉलेजात जायची, खालच्या गल्लीतल्या हलीमाबीची नात हीना जायची, गावातल्या एकवीस पोरी जायच्या. बस बंद झाली आणि एकवीसच्या एकवीस पोरी घरी बसल्या. मग चाळीस बाया, वरच्या ओळीतल्या, मधल्या ओळीतल्या, खालच्या गल्लीतल्या, खुशालरावला पुढं घालून साहेबाच्या बंगल्यावर गेल्या. साहेबानं त्यांना एप्रिलच्या उन्हात तीन तास फाटकाबाहेर उभं केलं. मग दात कोरत बाहेर आला, बायांकडे पाहिलंही नाही, आणि खुशालरावला म्हणाला, "बायांले कायले घेऊन येता जी? यायचं मत नवऱ्याच्या खिशात असते. नवऱ्यायले पाठवत जा."

आणि खुशालराव हसला. साहेब बोलला ते बोलला, तो परका. पण हा गावचा माणूस, शकुन त्याला भाऊ म्हणायची, रागिणी त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली, आणि हा खी खी करून हसला. शकुनच्या डोक्यात तिडीक गेली ती तेव्हाच.

खालच्या गल्लीतल्या लोकांनी मारोतीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. म्हणून देवळातलं उरकल्यावर खुशालराव स्वतः तिकडे गेला. गल्लीतली वडीलधारी म्हणजे हलीमाबी, शकुनच्या जोडीला शाळेत खिचडी शिजवणारी. तिनं ओट्यावर उभं राहून सांगितलं, "भाऊ, तू आमच्या दारात नळ आनला. आमची मतं तुही. जबान देतो." खुशालरावनं हात जोडले आणि निघून आला. जबान कुणी मोजत नाही, तिच्यावर शेंदूर नसतो.

तर अशी ही किरिया. आणि आता गावात फक्त चौतीस घरं अशी होती ज्यांनी ती खाल्ली नव्हती. चोर कोण, हे ठरायला किती वेळ लागतो?

शकुन निकालाच्या संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढं बसली आणि तिच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. ती सहावी पास, पण बारा वर्षं रोज हजेरी पाहून तांदूळ मोजणारी बाई. एकशे दहा पोरं तर किती, ब्याण्णव पोरं तर किती, हे ती खिचडीचा गंज चुलीवर चढेपर्यंत तोंडी करायची. खालच्या गल्लीनं मतं टाकली एकशे चार. मतदानाच्या दिवशी बूथवरच्या साहेबलोकांचा स्वयंपाक तिनं आणि हलीमाबीनंच केला होता, एजंट लोक तिच्यासमोर बोटं मोजत बसले होते. एकशे चार. सगळीच्या सगळी समोरच्याला गेली असं धरलं, तरी चारशे एकाहत्तरातून एकशे चार गेले की राहतात तीनशे सदुसष्ट. गदेला हात लावून आलेली तीनशे सदुसष्ट!

"बाप्पा!" ती मोठ्यानं म्हणाली.

तिला वाटलं होतं आपण एकटीच. तसं प्रत्येकालाच वाटलं होतं. पारावर माना हलवणाऱ्या प्रत्येकाला आपलं बोट माहीत होतं, आणि तरी तो खालच्या गल्लीकडे पाहत होता. कारण हिशेब केला तर पहिला प्रश्न आपल्यालाच येणार, तुहं काय?

पाणी बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शकुन सकाळी डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन गुंड, म्हणजे घागरी भरून, गोडं पाणी हलीमाबीकडे नेऊ लागली. हलीमाबीचा मुलगा वाहेद, हीनाचा बाप, त्याचं मुतखड्याचं ऑपरेशन दोनदा झालेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं ठणकावून सांगितलं होतं, खारं पाणी प्यायलास तर पुढची भेट माझ्याशी नाही. पण घरात खाणारी तोंडं आठ आणि पाणी दोन गुंड. वाहेद काय, सगळं पाणी एकटाच ढोसणार? पोरांना पाजून उरेल ते प्यायचा, नाही तर हापशी होतीच.

"तुले काहून एवढा पुळका?" शकुनचा नवरा किसनराव तिसऱ्या दिवशी म्हणाला. "लोक पाहून राह्यले. उद्या आपल्यावर बी येईल."

"येईल तं येईल."

"खुशालभाऊ का सोडून देईल? तुहं खिचडीचं काम त्याच्याच हातात हाय, माहीत हाय ना?"

"तुमी कोनाले मत देलं?" शकुननं एकदम विचारलं.

किसनराव बिडी शोधायला लागला. बिडी त्याच्या कानावरच होती.

त्याच सकाळी हलीमाबीनं गुंड उतरवून घेता घेता सांगितलं, "शकुन, एक सांगू? लोक काही बी म्हनोत. आमी सायबालेच देलं. मीनं घराघरात जाऊन सांगतलं, बंगल्यावर आपली इज्जत गेली थे मालूम हाय मले, हीना घरी बसली थे बी मालूम हाय, पन भाऊले जबान देली हाय. एकशे चारच्या एकशे चार गेले. पोट्ट्या कुरकुरत होत्या, तरी टाकले."

शकुननं कमरेवरचा गुंड ओट्यावर टेकवला. एकशे अठरातून एकशे चार गेले तर राहिले चौदा. वरच्या दोन्ही ओळी मिळून चौदा! खुशालरावच्या एकट्या घरात सतरा मतं होती. म्हणजे त्याच्या घरातल्यांनीसुद्धा. आणि ज्यांनी त्याला मत दिलं त्यांचंच पाणी यानं तोडलं. यापेक्षा आंधळा माणूस जिल्ह्यात सापडला नसता.

"अन् तू?" हलीमाबीनं सहज विचारलं. संशय नव्हता, चौकशी होती. बारा वर्षं एका गंजात दोघींचे झारे फिरत होते.

"मी बी सायबालेच," शकुन म्हणाली. "किरिया खाल्ली होती ना."

का बोलली? कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं. खरं सांगितलं असतं तर हलीमाबी काय खाणार होती का तिला? पण त्या ओट्यावर, रिकाम्या मडक्यांच्या रांगेपुढं, "तुमी शब्द पाळला अन् म्या मोडला" हे शकुनला म्हणवलं नाही. घरी येताना ती स्वतःला शिव्या देत आली आणि घरी आल्यावर विनाकारण रागिणीच्या अंगावर ओरडली. दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या. अशा उद्या आठ झाल्या.

पंधरा तारखेला दुपारी वाहेदच्या पाठीत कळ उठली. तो अंगणात पडून माती उकरत होता, अक्षरशः नखांनी माती उकरत होता. ऑटोत घालून त्याला अकोल्याला नेलं. जुन्या शहरात हलीमाबीच्या बहिणीचं घर होतं, तिथली पोरं दवाखान्यात धावली. ऑटो मारोतीच्या पारावरून गेला. पारावर सात-आठ माणसं बसलेली होती, आणि त्यातला एकही उठला नाही. शकुन आपल्या दारातून पाहत होती. तीही उठली नाही, ती उभीच होती, पण पाय हलले नाहीत. मेल्या पायांना काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी चार वाजता शाळेच्या व्हरांड्यात पाण्याची सभा. खुशालराव खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर त्याची सरपंच भावजय पदर सावरत, पुरुष सतरंजीवर, बाया खिचडीच्या शेडजवळ उभ्या. खालच्या गल्लीतून हलीमाबी एकटी आली. हातात रिकामा गुंड घेऊन आली.

"भाऊ," ती म्हणाली, "उद्या ईद हाय. पोरगा दवाखान्यात हाय. आज तं सोडा पानी."

"लाइन खराब हाय हलीमाबी. सामान मंगवलं हाय."

"बारा दिवस झाले."

"टाइम लागते." खुशालराव मागं रेलला. "अन् खरं सांगू का? ज्यायले आपल्या सायबाची गरज नाई, त्यायनं सायबाचं पानी तरी कायले प्यावं? ज्याले मत देलं त्याले मांगा."

सतरंजीवर दोघं-तिघं हसले. अगदी तसंच हसले, बंगल्याच्या फाटकाबाहेर खुशालराव हसला होता तसं. आणि शकुनचे पाय एकदाचे सुटले. ती बायांतून वाट काढत थेट व्हरांड्याच्या पायरीवर आली.

"भाऊ, हिशेब येते का तुमाले?"

"शकुनबाई, मांगं हो. मानसायची सभा चालू हाय."

"मले येते. रोज पोट्टे मोजून तांदूळ टाकतो मी. समोरच्याले चारशे एकाहत्तर पडले. खालच्या गल्लीची सारी मतं एकशे चार. थे सारीच समोरच्याले गेली असं धरा. तरी तीनशे सदुसष्ट राह्यतात. थे कोनाची? मारोतीनं येऊन टाकली का?"

व्हरांड्यात वरचा पंखा करकरत होता.

"शकुन, घरी चाल," किसनराव सतरंजीवरून म्हणाला.

"तुमी चूप बसा. तुमचं बी मालूम हाय मले." किसनराव आपल्या पायाचा अंगठा पाहू लागला. शकुन खुशालरावकडे वळली. "त्या तीनशे सदुसष्टातलं एक माहं हाय. म्या नाई देलं सायबाले."

बायांत कुणीतरी "अवो बाई!" म्हणालं. खुशालराव खुर्चीतून उठला. "तू गदेवर हात ठेवला होता! साऱ्या गावानं पाह्यलं."

"ठेवला होता. खोटा ठेवला. त्याचं मी अन् मारोती पाहून घेऊ, तुमी मधात पडू नका. तुमी हसले होते, भाऊ. सायेब म्हने बायांचं मत नवऱ्याच्या खिशात असते, अन् तुमी हसले. म्या थे खिशातून काढलं. झालं?" तिनं बोट त्याच्याकडे रोखलं. "अन् आता तुमचे एकशे अठरा मोजा. त्यातले एकशे चार या खालच्या गल्लीचे हायेत. या बुडीनं तुमाले जबान देली अन् पाळली. आमी साऱ्यायनं किरिया खाल्ली अन् मोडली. वरच्या दोन्ही ओळी मिळून तुमाले चौदा निंघाले. तुमच्या घरात मतं सतरा हायेत. बाकीची कोठी गेली थे घरी जाऊन इचारा, इथं आमाले कायले इचारता?"

सरपंचबाईंनी पदर नाकापर्यंत ओढला. तो पदर साऱ्या सभेनं पाहिला, आणि खुशालरावनंही पाहिला.

"आता ज्यानं दगा देला त्याचं पानी तोडा," शकुन म्हणाली. "गजेंद्र, आन तुही चावी. पयले माहं तोड."

"कर रे बंद हिचं!" खुशालराव ओरडला.

गजेंद्र भिंतीला टेकून उभा होता. तो हलला नाही.

"कर म्हनलं ना!"

"काका," गजेंद्र हळूच म्हणाला, पण पंखा तेवढ्यात थांबला, लाइट गेले, आणि सगळ्यांना ऐकू आलं, "वरच्या ओळीचा वॉल एकच हाय. आपलं घर बी त्याच्यावरच हाय."

आधी बायांत एक फिसकन हसली. मग दुसरी. मग सतरंजीवरचे पुरुष, तेच, मघाशी हलीमाबीवर हसलेले, आता खुशालरावला हसू लागले. अख्खा व्हरांडा हसत होता. आणि त्या हसण्यानं शकुनच्या अंगाचा जो भडका उडाला तो खुशालरावच्या बोलण्यानंही उडाला नव्हता.

"हासता काय?" ती किंचाळली. "लाज नाई वाटत? मी एक उभी हाव. बाकीचे चारशे सत्तर कोठी हायेत? उठा ना! एक जन तं उठा!"

हसू थांबलं. कुणी उठलं नाही. म्हातारा नत्थुजी, गळ्यात माळ घातलेला, गावात कधी खोटं बोलला नाही असं ज्याच्याबद्दल सगळे सांगत, तो हातानं चाचपत आपल्या चपला शोधू लागला. किसनरावनं मान वर केली नाही. सगळ्यांच्या बोटांवरची शाई केव्हाच पुसली गेली होती.

हलीमाबीनं शकुनकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग रिकामा गुंड उचलला आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रनं तीनही वॉल उघडले. सामान काही आलं नव्हतं, तरी लाइन दुरुस्त झाली. नळावर शेजारची गंगूबाई शकुनच्या कानाशी लागून कुजबुजली, "काल बराबर सुनावलं वो तू. आमच्या साऱ्यायच्या मनातलं बोलली."

"मनातलं? अन् तोंडात का होतं तुह्या, विडा?" शकुन म्हणाली. गंगूबाईनं आपला गुंड भरून व्हायच्या आतच उचलला.

ती घरी आली, ओसरी झाडली, पुन्हा झाडली. दर ईदला हलीमाबी शेवयांचा डबा घेऊन यायची. रमजानला यायची, बकरीदला यायची, बारा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. आली की ओसरीवर बसायची, रागिणीच्या हातचा चहा पिऊन साखर कमी म्हणायची. शकुननं चहाचं पातेलं काढून ठेवलं. आज सगळं सांगू, पाया पडू, काय वाटेल ते करू, पण आज सांगून टाकू.

नऊच्या सुमारास हलीमाबी आली. नवं लुगडं नव्हतं, डबा नव्हता. डोक्यावर एक गुंड आणि कमरेवर एक. साठी उलटलेली बाई, धापा टाकत आली आणि दोन्ही गुंड ओसरीवर ठेवले.

"हे काय वो?" शकुन म्हणाली.

"तुहं पानी. अकरा दिवस दोन दोन आनले तू. बावीस झाले. हे दोन. रोज दोन आनत जाईन."

"हलीमाबी! म्या का परत घ्यासाठी आनले होते?"

"मले नाई माहीत कायसाठी आनले. मी समजत होतो संगतीन म्हून आनते." हलीमाबीनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "तुहं मत तुहं हाय, शकुन. कोनाले बी दे. मले त्याचं काही नाई. पन मीनं तुले इचारलं होतं. माह्या ओट्यावर. तू माह्या तोंडावर खोटं बोलली, अन् मंग रोज पानी आनत राह्यली."

"मी काल बोलली ना. साऱ्या गावापुढं बोलली."

"काल बोलली. हौ. लय हिमतीनं बोलली." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच शकुनला सहन होईना. "चवथ्या रोजी बोलली असती तं वाहेदनं हापशीचं पेलं नसतं. काल रात्री त्याले नळी लावली. माह्या पोराची ईद थ्या खाटेवर होऊन राह्यली."

अचलपूरची पोरगी, सासूनं गावाला सावध केलेली, ती चहाच्या पातेल्याकडे वळली.

"बसा तं खरं," ती म्हणाली. "चहा ठेवला हाय."

"अकोल्याले जाचं हाय मले. ऑटो उभा हाय." हलीमाबी वळली, पायरी उतरली, आणि पाठमोरीच म्हणाली, "गुंड खाली करून ठेवजो. उद्या लागतीन."

शकुन त्या दोन गुंडांशेजारी बसून राहिली. पाणी काठोकाठ भरलेलं होतं, एवढ्या चालण्यात हलीमाबीनं एक थेंब सांडला नव्हता. शाळा उघडायला चौदा दिवस होते. मग दोघींना पुन्हा एकाच चुलीवर, एकाच गंजात, शंभर पोरांची खिचडी शिजवायची होती.

रागिणी आतून आली. तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग ओसरीवर इकडेतिकडे पाहिलं.

"माय, हलीमाबी आली होती ना? शेवया नाई आनल्या का?"

"नाई," शकुन म्हणाली. "पानी आनलं."